परवाना आधी की शिकणं आधी?

आजचा प्रश्न एका शेतकरी श्रोत्याचा आहे. ते म्हणतात, "पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागायचा विचार आहे. मिळेल की नाही ठाऊक नाही. मग सुरक्षा-प्रशिक्षणात पैसा आणि वेळ आधीच कशाला घालायचा?" प्रश्न व्यवहाराचा दिसतो, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञान आहे.

आधी कायदा बघू. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख त्या कायद्यातच आहे. पुढे २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद आली. त्यात शस्त्र सुरक्षितपणे हाताळणं, ते चालवण्याची पद्धत, निगा, साठवण आणि ने-आण हे विषय येतात.

मग ठरवायचं काय उरलं? उरलं हेच, की प्रशिक्षण घ्यायचं की नुसतं उरकायचं. कागद जोडला की अट पूर्ण होते. हाताला वळण मात्र कागदानं लागत नाही.

जागलीची रात्र डोळ्यांसमोर आणा. तुरीत खसफस होते. मनात येतं, डुक्कर! आपल्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की असते. खसफशीचं तसं आहे का? खसफस कुत्र्यानं होते, सुटलेल्या वासरानं होते, पाणी द्यायला आलेल्या शेजाऱ्यानंही होते. अशा हेतूला नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. वर्गात अनुमान चुकलं तर गुण जातात, इथे माणूस जातो.

सुरक्षेचे चार नियम जगभर शिकवतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जिच्यावर गोळी झाडायची नाही तिच्याकडे नळी वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे पक्कं कळल्याशिवाय बार नाही. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत ते हातानं पाळायला मात्र सराव लागतो.

दुसरी गोष्ट, ॲरिस्टॉटल म्हणतो की वीणा वाजवूनच माणूस वादक होतो. करूनच शिकायचं हे खरं, पण वीणेवरचा चुकलेला सूर परत लावता येतो. सुटलेली गोळी परत येत नाही. म्हणून इथे शिकणं जाणत्याच्या नजरेखाली आणि आधीच व्हायला हवं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची कथा सगळ्यांना माहीत आहे. गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटी मारून त्यांना कच्चं मडकं ठरवलं, आणि ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. भक्ती मोठी होती, तरी पारख चुकली नाही. इथेही हेतू शुद्ध असणं आणि हात पक्का असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आधी शिकलं की माघार घेता येते. घरात लहान मुलं आहेत, कुलूपबंद जागा नाही, आपला राग तापट आहे, हे शिकताना ध्यानात येतं. बंदूक घरात आल्यावर 'नको' म्हणणं जड जातं. तेव्हा परवाना नाकारला गेला, तरी प्रशिक्षण वाया गेलं असं समजू नका.

दोन सूचना देतो. पैसे भरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा की कोणतं प्रमाणपत्र चालतं. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर किंवा रोही मारायला वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

परवाना सरकार देतं. पण आपण त्याला लायक आहोत का, हे आधी स्वतःला विचारायचं असतं. प्रशिक्षण घ्यायचं ते त्या उत्तरासाठी.