बुजलेल्या घोड्याची सुटका : बचाव करणाऱ्यांना काय शिकवावे?

यंत्रे आली तरी आपल्याकडील घोडा संपलेला नाही. मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी घोडी, माथेरानचे घोडे, वरातीतले घोडे आणि सारंगखेडा (जि. नंदुरबार) व माळेगाव (जि. नांदेड) येथील यात्रांचे बाजार आपण पाहतो. घोडा चिखलात, विहिरीत वा पुरात अडकला की गावचे तरुण, गृहरक्षक व अग्निशामक दलाचे जवान धावतात. त्यांतील अनेकांना गाय-बैलांची सवय असते, घोड्याची नसते. त्यामुळे सोडविणाराच जखमी होण्याचा धोका असतो.

घोडा का बुजतो?

घोडा हा कळपात राहणारा व पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. डोळे दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांपर्यंत दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे व थेट शेपटीमागचे दिसत नाही. तेथून अचानक हात लागला की तो दचकतो. पळण्यास वाट उरली नाही म्हणजे लाथा झाडतो, चावतो. हा खोडसाळपणा नसून भीती आहे. ३०० ते ५०० किलो वजनाचे जनावर माणसांच्या बळाने आवरत नाही. त्याची भीती कमी करणे हाच खरा उपाय होय.

कान मागे पाडणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, नाकपुड्या फुगणे, फुरफुरणे, शेपूट आवळणे व अंग थरथरणे ही बुजल्याची लक्षणे ओळखावीत.

जवळ जाताना घ्यावयाची काळजी

१) भोंगा, इंजिन व गर्दीचा गलबला बंद करावा. विजेरीचा झोत डोळ्यांवर टाकू नये.
२) सूचना एकानेच द्याव्यात. घोड्याजवळ शक्यतो मालकाने किंवा ओळखीच्या माणसाने थांबावे.
३) हळू बोलत, डाव्या खांद्याच्या दिशेने तिरके जावे. प्रथम खांद्यावर हात ठेवावा.
४) मोहरकीची दोरी हाताला वा कमरेला कधीही गुंडाळू नये.
५) घोडा व भिंत यांच्यामध्ये उभे राहू नये. आपली पळवाट आधी पाहावी.
६) शक्य असल्यास दुसरा शांत घोडा नजरेसमोर उभा करावा.

पडलेला किंवा रुतलेला घोडा

गाय उठताना मागचा भाग आधी उचलते. घोडा मान उचलून पुढचे पाय आधी टाकतो. म्हणून पडलेल्या घोड्याच्या पायांकडून न जाता पाठीकडून जावे. मान, पाय किंवा शेपटीला दोर बांधून ओढू नये, तसेच जेसीबीने उचलण्याची घाई करू नये. त्याने सांधा निखळतो, मणक्यास इजा होते. चिखलात पायांभोवती पाणी सोडून व माती मोकळी करून आधी चिखलाची पकड सोडवावी. ओढण्यासाठी बारीक दोर न वापरता रुंद पट्टे छातीच्या घेरास लावावेत. पाण्यात डोके वर राहील याकडे लक्ष द्यावे. गुंगीचे औषध पशुवैद्यकानेच द्यावे. औषध दिलेला घोडाही अचानक लाथ मारू शकतो.

आगीत तबेल्यातून काढलेला घोडा पुन्हा आत धावतो. म्हणून तो दूर नेऊन बांधावा व दार लावून घ्यावे. पुराची सूचना मिळताच अगाडी-पिछाडी सोडून घोडा उंच जागी हलवावा. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात पाणी चढल्यावर जनावरे हलविणे किती कठीण असते ते दिसून आले.

सराव कसा घ्यावा?

पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकाच्या उपस्थितीत एक दिवस ठरवावा. शांत, वयस्क घोडीवर जवळ जाणे, मोहरकी घालणे व चालविणे शिकवावे. पट्टे बांधून ओढण्याचा सराव मात्र वाळूच्या पोत्यांवर करावा. घोडा असणाऱ्यांनी त्याला रोज मोहरकी, अनोळखी हात व वाहनाच्या आवाजाची सवय लावावी.

सुटकेनंतर घोडा कोरडा करून पांघरूण घालावे. घोड्यास धनुर्वाताची बाधा फार लवकर होते. त्यामुळे जखम लहान दिसली तरी पशुवैद्यकास दाखवावी. आपत्तीत ११२ वर आणि पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ वर संपर्क साधावा. मदत येईपर्यंत गर्दी दूर ठेवून घोड्याजवळ एक ओळखीचा माणूस शांतपणे थांबला, तरी सुटकेचे निम्मे काम होते.