मतपेटीतून आलेला न्यायाधीश

न्यायाधीश लोकांच्या मतांवर निवडून यावा ही कल्पनाच आपल्याकडे चमत्कारिक वाटते. आपल्या तालुक्याच्या कोर्टातला न्यायाधीश परीक्षा देऊन येतो आणि बदली होऊन जातो. ज्यांची प्रकरणे त्याच्यापुढे चालतात ती माणसे त्याला आणत नाहीत, काढूही शकत नाहीत. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र कोणत्या ना कोणत्या पातळीवरच्या न्यायाधीशाला मतदारांपुढे जावे लागते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले, कृष्णवर्णीयांचे साहित्य आपण वाचले. पण पोलिसांनी पकडलेला माणूस ज्याच्यासमोर प्रथम उभा केला जातो, त्या तिथल्या खालच्या कोर्टाकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. डेट्रॉइट शहरातील जॉर्ज क्रॉकेट यांची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

क्रॉकेट यांचा जन्म १९०९ चा, फ्लोरिडा राज्यातला. वकिली सुरू केल्यावर १९४९ मध्ये न्यूयॉर्कला कम्युनिस्ट नेत्यांवर जो खटला चालला त्यात ते बचाव पक्षाचे वकील होते. त्या खटल्यातील वर्तनाबद्दल न्यायालयाच्या अवमानाचा ठपका त्यांच्यावर आला आणि १९५२ मध्ये चार महिने तुरुंगात काढावे लागले. असा माणूस नेमणुकीच्या मार्गाने न्यायासनावर पोहोचला असता काय? कोणत्याही निवड समितीने त्याचा अर्ज बाजूला ठेवला असता. १९६५ मध्ये ते शहराच्या कौन्सिलसाठी उभे राहिले आणि पडले. १९६६ मध्ये रेकॉर्डर्स कोर्टासाठी उभे राहिले आणि निवडून आले.

हे रेकॉर्डर्स कोर्ट म्हणजे डेट्रॉइट शहराचे फौजदारी न्यायालय. त्याचे न्यायाधीश शहरातील मतदारच निवडीत. मुदत सहा वर्षांची. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नाही. न्यायाधीश पुन्हा उभा राहिला तर मिशिगनच्या राज्यघटनेनुसार त्याच्या नावाखाली त्याचे पद छापले जाते. बाब किरकोळ दिसते, पण पक्षाचे चिन्ह नसलेल्या मतपत्रिकेवर अनोळखी नावांच्या यादीत ही एक ओळ फार कामाची ठरते. एकदा आत गेलेला न्यायाधीश सहसा आतच राहतो, तो असा.

१९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइट पेटले. ४३ माणसे मेली, सात हजारांहून अधिक पकडली गेली. रेकॉर्डर्स कोर्टाचे बहुतेक न्यायाधीश दहा-दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त जामीन मागू लागले. मजुरी करणाऱ्या माणसाला असा जामीन म्हणजे खटल्याआधीचीच शिक्षा. क्रॉकेट यांनी सरसकट जामीन लावायला नकार दिला. प्रत्येक माणूस आणि त्याच्यावरील आरोप वेगळा पाहिला.

खरी कसोटी १९६९ च्या २९ मार्चच्या रात्री आली. न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये ‘रिपब्लिक ऑफ न्यू आफ्रिका’ या संघटनेची सभा होती. बाहेर गोळीबार होऊन एक पोलीस ठार झाला, एक जखमी झाला. पोलीस चर्चमध्ये घुसले आणि आत होते ते १४२ जण सरसकट उचलून नेले. खबर मिळताच क्रॉकेट रविवारी पहाटे पोलीस मुख्यालयात गेले आणि तिथेच कोर्ट भरवले. पकडलेल्यांना न्यायालयापुढे आणण्याचे आदेश दिले, काहींना शंभर डॉलरच्या जामिनावर सोडले. वकील न देता हातांवरील बारुदाची चाचणी घेणे बेकायदा आहे, असे सरकारी वकिलाला सांगितले.

मग ओरड झाली. पोलिसांच्या संघटनेने त्यांना हटवण्याची मोहीम उघडली, कोर्टाबाहेर निदर्शने केली. मोटारींवर त्यांच्या विरोधाचे कागद चिकटले. दुसऱ्या बाजूने कृष्णवर्णीयांच्या अनेक संघटना एकत्र येऊन त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. नेमलेल्या न्यायाधीशाची अशा वेळी दूर कुठे तरी बदली झाली असती. क्रॉकेट यांचा हिशेब १९७२ च्या मतदानात व्हायचा होता. तो झाला आणि ते पुन्हा निवडून आले. १९७४ मध्ये त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, १९७८ मध्ये निवृत्त झाले, आणि १९८० मध्ये काँग्रेसवर निवडून गेले.

यावरून न्यायाधीश निवडणुकीनेच यावा असा निष्कर्ष काढणे भोळेपणाचे होईल. डेट्रॉइटच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १९६० मध्ये सुमारे २९ टक्के होते, १९७० मध्ये सुमारे ४४ टक्के झाले. क्रॉकेट यांच्या धैर्यामागे हे आकडे उभे होते. जिथे ते नसतात तिथे तीच मतपेटी उलट काम करते. टेक्सासमधील हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टन परिसरात, जिल्हा न्यायाधीश संपूर्ण काउंटीच्या मतांवर निवडले जात. १९८० च्या दशकाअखेर तेथे ५९ न्यायाधीशांपैकी कृष्णवर्णीय अवघे तीन. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायदा न्यायाधीशांच्या निवडणुकीलाही लागू असल्याचे मान्य केले. पण १९९३ मध्ये खालच्या अपील न्यायालयाने अर्जदारांची बाजू फेटाळली. पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघात आपल्या उमेदवाराचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. (पुढे २०१८ मध्ये याच काउंटीत सतरा कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. पद्धत तीच होती. मतदार आणि पक्षांचे बळ बदलले होते.)

आपल्या घटना समितीत उच्च न्यायपालिकेच्या नेमणुकांवर चर्चा झाली तेव्हा, १९४९ च्या मे महिन्यात, बाबासाहेबांनी हा निर्णय एकट्या सरकारच्या हाती द्यायला नकार दिला आणि एकट्या सरन्यायाधीशाच्या हातीही. सरन्यायाधीशालाही सामान्य माणसाचेच दोष आणि पूर्वग्रह असतात, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायाधीश कोणाच्या हातातून येतो, हा प्रश्न त्यांनी कधी तांत्रिक मानला नाही.

डेट्रॉइटमध्ये या प्रश्नाला पुढे वेगळेच वळण लागले. १९९७ च्या सप्टेंबरात क्रॉकेट वारले. पुढच्याच महिन्यात, १ ऑक्टोबरला, रेकॉर्डर्स कोर्ट बंद करून वेन काउंटीच्या सर्किट कोर्टात विलीन करण्यात आले. कारण कारभाराच्या सोयीचे सांगितले गेले. तेव्हापासून डेट्रॉइटमधल्या आरोपीचा न्यायाधीश निवडताना शहराबाहेरच्या उपनगरांचीही मते मोजली जातात.