'फर्दर डाउन द स्पायरल': तोडफोड करून बांधलेला अल्बम

रिमिक्स म्हटलं की आपल्याकडे जुन्या गाण्याखाली ढाकचिक बीट, एवढंच डोळ्यांसमोर येतं. असं वाटणाऱ्यांनी नाइन इंच नेल्सचा 1995 चा 'फर्दर डाउन द स्पायरल' जरूर ऐकावा. नाव बँडचं, पण 2016 मध्ये अ‍ॅटिकस रॉस रीतसर सामील होईपर्यंत अधिकृत सदस्य एकटा ट्रेंट रेझ्नरच.

1994 च्या आपल्याच 'द डाउनवर्ड स्पायरल' अल्बममधली गाणी त्याने इतरांच्या हवाली केली आणि त्यांनी ती खुशाल मोडली. ब्रिटनच्या कॉइल या बँडने तर 'इरेझर' पार सोलून काढलंय. चाल शोधत बसू नका, आवाजाचा पोत ऐका. निर्माता रिक रुबिनच्या 'पिगी'त डेव्ह नव्हारोची गिटार आहे. मूळ गाणं कुजबुजतं, हे अंगावर येतं. (हाच रुबिन पुढे 2002 मध्ये जॉनी कॅशकडून रेझ्नरचं 'हर्ट' गाऊन घेतो!)

खरी गंमत इलेक्ट्रॉनिक संगीतकार एफेक्स ट्विनची. त्याचं 'अ‍ॅट द हार्ट ऑफ इट ऑल' कशाचंच रिमिक्स नाही, चक्क नवीन रचना आहे. जड, संथ ठोके आणि त्यावर चढत जाणारे ब्राससारखे सूर. माझ्या मते अल्बममधला सर्वांत भारी ट्रॅक हाच. काही व्हर्जन्स मात्र उगाच लांबलीत, 'रुइनर' मी बहुतेकदा पुढे ढकलतो.

घेताना एक बघा: अमेरिकन आणि ब्रिटिश आवृत्त्यांची ट्रॅकलिस्ट वेगळी आहे. हेडफोन लावूनच ऐका, आणि आधी मूळ अल्बम.