ओकच्या फरशीवरचे भाडेकरू

न्यूयॉर्क, क्वीन्स

इथे घर भाड्याने देण्याच्या जाहिरातीत भाड्याच्या आकड्याखालोखाल एक गोष्ट हमखास लिहिलेली असते : हार्डवुड फ्लोअर्स. नागपूरजवळच्या कन्हानहून आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. आपल्याकडे सागवान चौकटीला लागतं, ऐपत असली तर दिवाणाला. पायाखाली मात्र शहाबादी, कोटा नाहीतर टाइल. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, पण लाकडावर पाय देऊन संसार करावा असं आपल्या उन्हाळ्याने कधी सुचू दिलं नाही. मे महिन्यात फरशीवर पाणी मारून तिथेच अंग टाकण्याचं सुख लाकूड देत नाही. शिवाय वाळवी आहेच.

मी राहते त्या जॅक्सन हाइट्समधल्या बऱ्याच इमारती दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या आहेत. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने मधोमध बाग सोडून भोवती पाच-सहा मजली घरं बांधली. 1993 साली शहराने या भागाला वारसा म्हणून संरक्षण दिलं. अशा जुन्या इमारतींत जमिनीला ओकच्या पट्ट्या असतात. नेहमीचं माप पाऊण इंच जाड आणि सव्वादोन इंच रुंद. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते, खिळा आतून मारलेला असतो, म्हणून वरून दिसत नाही. वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. खराब झाली की मशीनने वरचा पापुद्रा घासून काढायचा आणि पुन्हा थर द्यायचा. पट्टी जाड असल्याने हे अनेकदा करता येतं. म्हणूनच आजोबांच्या वयाची जमीन आजही भाडं वाढवून देते.

हे लाकूड ऋतूंप्रमाणे हलतं. हिवाळ्यात रेडिएटरमुळे घरातली हवा कोरडी पडते, पट्ट्या आकसतात आणि त्यांच्यात फटी दिसू लागतात. उन्हाळ्याच्या दमट हवेत त्या बुजतात. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं हे आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे हे समजायला जड जात नाही. जड जातं ते पाण्याचं. आठवड्यातून एकदा बादली ओतून, खराट्याने घर धुऊन काढायची सवय इथे पूर्ण सोडावी लागते. घट्ट पिळलेलं फडकं, तेही हलक्या हाताने. न्हाणीघरालासुद्धा मोरी नसते. पाणी टबाबाहेर सांडलं तर ते खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून उतरतं. फोडणीचं तेल उडालं, खलबत्ता निसटला, पोळपाट घेऊन कोणी खाली बसलं, सगळ्याची खूण राहते. चपला दाराशी काढायची आपली रीत मात्र या जमिनीला फार मानवते.

दुसरी अडचण आवाजाची. लाकूड पाऊल खाली पोचवतं. पोर धावलं की खालच्यांच्या डोक्यावर धावतं. म्हणून इथल्या भाडेकरारांत एक कलम सर्रास असतं : जमिनीचा ऐंशी टक्के भाग गालिच्याने झाका. ज्या लाकडापायी घर घेतलं तेच झाकायचं, हे आरंभी विचित्र वाटतं. पण रात्रपाळी करून सकाळी झोपणारा माणूस खाली राहत असेल, तर कलम रास्त आहे. खाणीतल्या पाळ्यांवर वाढलेल्या कन्हानला हे वेगळं सांगायला नको.

आता पैशांचं. घरमालक बहुधा तुमचं वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट आहे का, हे पाहतो. भाडं 2,500 डॉलर असेल तर पगार 1,00,000 हवा. कमी पडला तर जामीनदार, आणि त्याचं उत्पन्न ऐंशी पट. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हे कुठून जमणार? पूर्वी काही महिन्यांचं भाडं आगाऊ भरून वाट निघत असे. 2019 च्या राज्य कायद्याने अनामत आणि आगाऊ रक्कम एका महिन्याच्या भाड्यापुरती बांधली. भाडेकरूच्या भल्यासाठी केलेल्या या तरतुदीने नवख्यांची ती वाट बंद झाली. म्हणून आपली मुलं तिघं-चौघं मिळून घर घेतात. जून 2025 पासून एक मोठा दिलासा आहे : दलाल ज्याने नेमला, त्यानेच त्याची दलाली द्यायची. त्याआधी घरमालकाच्या दलालाचे पैसेही भाडेकरूच्याच गळ्यात पडत.

त्याच 2019 च्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद अनामत परत करण्याची आहे. घर सोडल्यावर चौदा दिवसांत, काही कापलं असेल तर त्याच्या बाबवार हिशोबासह, पैसे परत द्यायचे. मुदत चुकली तर मालकाला काहीही कापण्याचा हक्क राहत नाही. आणि रोजच्या वापराची झीज कापता येत नाही. चालण्याच्या वाटेवर चकाकी गेली, ती झीज. पलंग ओढून खोल चर पाडला, ते नुकसान. राहत्या घरात माणसं चालणारच, हे कायद्याने लेखी मान्य केलं आहे. सोडण्यापूर्वी मालकाबरोबर घराची पाहणी मागण्याचाही हक्क आहे, म्हणजे काय दुरुस्त करायचं ते आधीच कळतं.

आपल्याकडे हे तत्त्व नाही असं मुळीच नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये वाजवी झीज भाडेकरूला माफ आहे. पण नागपूर-कन्हानकडे घर मिळतं ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. तो भाडेपट्टा नव्हे, नुसता परवाना, आणि हे कलम भाडेपट्ट्यापुरतं. मग खोली सोडताना रंगरंगोटीच्या नावाखाली अनामत कापली जाते आणि खाणीत किंवा कारखान्यात बदलीवर आलेलं कुटुंब भांडण न करता निघून जातं. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत सीमित केली आहे, पण तो लागू करणं राज्यांच्या हाती आहे. तोवर करारात दोन ओळी आपणच लिहून घ्याव्यात : नेहमीच्या वापराची झीज कापली जाणार नाही, आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल. किल्ली घेतल्या दिवशी फरशीचे, भिंतींचे आणि मोरीचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. इथे येणारी आपली मुलं ओकच्या जमिनीचे काढतात, तसेच.