शेअरमागे किती? ईपीएसचं गणित

हल्ली कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या पॅकेजच्या आकड्यात 'ईसॉप' म्हणजे शेअरचे ऑप्शनही धरून सांगतात. आकडा ऐकून पार्टी मागणारे रूमवर दहा जमतात, पण त्या एका शेअरच्या वाट्याला नफा किती, हे विचारणारा एखादाच. त्याचं उत्तर नफा-तोटा पत्रकाच्या अगदी तळाशी असतं : बेसिक ईपीएस आणि डायल्यूटेड ईपीएस. आपल्याकडे एप्रिल २००१ पासून लेखामानक २० ने त्याची रीत घालून दिली. मोठ्या कंपन्यांना आता इंड एएस ३३ लागू आहे, पण गणित तेच.

समजा, आमच्या तळेघरला बाळहिरडा विकत घेऊन अर्क काढणारी एक कंपनी निघाली. (निघायला हवीच, पण तो वेगळा विषय!) करानंतरचा नफा १२,४०,००० रु. प्रेफरन्स शेअरवाल्यांचा लाभांश ४०,००० आधी बाजूला काढायचा, उरले १२ लाख. १ एप्रिलला शेअर होते १,००,०००. १ ऑक्टोबरला आणखी ४०,००० रोखीने विकले. मग भागायचं १,४०,००० ने? नाही. नव्या शेअरचा पैसा सहाच महिने कामाला आला, म्हणून ते निम्मे धरायचे, २०,०००. भाजक झाला १,२०,००० आणि बेसिक ईपीएस १० रु.

बोनस शेअरला मात्र हा महिन्यांचा हिशोब नाही, कारण कंपनीत नवा पैसाच येत नाही. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला. शेअर दुप्पट झाले, तेव्हा तुलनेसाठी मागच्या वर्षांचे ईपीएससुद्धा नव्या संख्येने भागून दाखवावे लागतात. नाहीतर कंपनी एका रात्रीत अर्धी झाली असं वाटायचं.

आता डायल्यूटेड. मेसच्या आमटीत पाणी वाढतं तसंच हे, फक्त इथे पाणी अजून ओतलेलं नाही. ओतलं तर चव काय राहील ते आधीच सांगायचं. आपल्या कंपनीने कामगारांना वर्षभरासाठी २०,००० ऑप्शन दिलेत, ७५ रु. भावाने. बाजारातला सरासरी भाव १०० रु. सगळ्यांनी ते घेतले तर कंपनीला १५ लाख मिळतील, त्यात बाजारभावाने १५,००० शेअर येतात. म्हणजे फुकट गेले ते ५,०००. भाजकात एवढेच मिळवायचे, सगळे वीस हजार नाही. परीक्षेत बहुतेकांचे मार्क इथेच जातात. शिवाय ५ लाखांची १० टक्क्यांची डिबेंचर्स आहेत, त्यांचे २५,००० शेअर होऊ शकतात. तसे झाले तर ५०,००० व्याज वाचेल. त्यावर २५ टक्के कर धरला तर नफ्यात ३७,५०० ची भर. १२,३७,५०० भागिले १,५०,०००, उत्तर ८ रु. २५ पैसे.

दहाचे सव्वाआठ! एवढी दरी दिसली की समजायचं, वाटेकरी दारात उभे आहेत. इन्फोसिसचं २०२३-२४ चं बेसिक ६३.३९ आणि डायल्यूटेड ६३.२९, म्हणजे फरक दहा पैशांचा. ऑफर लेटरमध्ये नुसतं 'इतके ऑप्शन' लिहिलेलं असेल तर सगळे ऑप्शन आणि बाँड धरून एकूण शेअर किती होतात, ते एचआरला बेधडक विचारा.

आपल्या तालुक्यातला भीमाशंकर साखर कारखाना सहकारी. तिथे एक सभासद एक मत, आणि सभासद ईपीएस नाही, टनाला भाव किती ते बघतो.

एक गंमत राहिली. तोट्यातल्या कंपनीत हे पाणी उलटं काम करतं. पुण्याच्या सुझलॉनने परदेशातून परिवर्तनीय बाँड काढले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यातले सुमारे २०.९ कोटी डॉलर फेडता आले नाहीत. त्या वर्षी कंपनी तोट्यात होती. अशा वेळी बाँडचे शेअर झाले असं मानलं तर तोटा जास्त शेअरांत वाटला जाऊन शेअरमागे कमी दिसेल. म्हणून नियम असा, की ज्याने चित्र बरं दिसतं ते धरायचंच नाही. तोट्याच्या वर्षी दोन्ही आकडे सारखेच छापलेले दिसतात, ते या कारणाने.