मुळा-मुठेतील मासे व त्यांची कुळे

येरवड्याच्या बंधाऱ्यावरून पूर्वेस वाहत जाणाऱ्या मुळा-मुठा नदीस मत्स्यशास्त्रात मानाचे स्थान आहे. कर्नल साइक्स यांनी इ. स. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील महाशीर मासा त्यांना पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८ मैलांवर याच नदीत आढळला होता. त्यांनी अनेक माशांना स्थानिक नावेच दिली. त्यामुळे खुद्री, कोलस, मळ्या व शिंगाळा ही नावे जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत रूढ झाली.

माशाचे कुळ ओळखण्यास प्रथम खवले पाहावेत. अंगावर खवले असून डोके उघडे असेल व जबड्यात दात नसतील, तर तो कार्प कुळातील समजावा. या कुळातील माशांचे दात घशात असतात. अंगावर खवले मुळीच नसून तोंडाभोवती मिशा असतील, तर तो शिंगाळ्याच्या वर्गातील होय. डोक्यावरही खवले असून ते सापासारखे दिसते, तो मरळ.

एकाच कुळातील माशांच्या सवयी मात्र भिन्न असतात, व त्या तोंडाच्या ठेवणीवरून कळतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते; तो पृष्ठभागाजवळ चरतो. झालरीसारख्या ओठांचा रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी खाद्य शोधतो. म्हणूनच हे तिन्ही मासे एका तळ्यात एकत्र वाढविता येतात. मळ्या खालच्या ओठामागील चकतीने दगडास चिकटून वाहत्या पाण्यात टिकाव धरतो. मोठे खवले व मिशांच्या दोन जोड्या असलेल्या महाशीरास खडकाळ तळाचे, स्वच्छ व वाहते पाणी लागते.

कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांतील मासे असून ते तळ्यासाठी योग्य आहेत. महाशीर व मळ्या हे नदीचे धन आहे. शहराच्या सांडपाण्याने येरवड्याजवळचे पात्र दूषित झाले आहे; अशा पाण्यात महाशीराचा निभाव लागणे कठीण. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा कंपनीने महाशीराची पैदास यशस्वी केली. तरी सोडलेली पिल्ले जगण्यास नदी स्वच्छच हवी.

ग्रामसेवकांनी गावाजवळील ओढ्यात व नदीत मिळणाऱ्या माशांची कुळवार नोंद ठेवावी. शेतकरी बंधूंनी बीज खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. आफ्रिकन मागूर हा खादाड मासा इतर माशांचा फडशा पाडतो. त्याच्या पालनास भारतात बंदी आहे. तो तळ्यात सोडू नये, व पुराबरोबर नदीत तर मुळीच जाऊ देऊ नये.