डोळ्यांवर ओढणी, जिभेवर भात

दिवाळीत नाशिकची भाची आली होती. तिकडे द्राक्षाच्या वाईनचे कारखाने, त्यामुळे तिच्या मित्रमंडळींचे शौकही तसेच. एकदा म्हणे सगळे जेवायला जमले, बाटल्यांना कागद गुंडाळले, नंबर टाकले आणि चवीवरून ओळखायची पैज लागली. सगळ्यात महागडी बाटली शेवटून दुसरी आली! १९७६ साली पॅरिसमध्ये असंच झालं होतं. फ्रान्सच्या जाणकारांनी नावं न बघता वाईन चाखली आणि पहिला नंबर दिला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाईनला. नाव झाकलं की जीभ खरं बोलते, एवढाच त्याचा अर्थ.

मी मनात म्हटलं, आमच्या भंडाऱ्यात कुठली आली वाईन? पण तांदूळ आहे की! आणि नेमका त्याच दिवसांत तांदळावरून माझा माझ्या भावाशी वाद चालला होता.

माझं माहेर पवनी तालुक्यातलं. आई होती तोवर एका बांधीत चिन्नोर हमखास असायचा. घरी खायला, लेकींना द्यायला. गेल्या पावसाळ्याआधी भाऊ म्हणाला, "ताई, हे शेवटचं वर्ष. उतारा कमी, उशिरा येते, उंच होऊन लोळते. वास विकून पोरांची फी भरता येत नाही."

मी म्हटलं, "आईचा तांदूळ आहे तो!"

"डोळे बांधून ओळखून दाखव, मंग बोल."

झालं! भिशीच्या पाच मैत्रिणींना मी मार्गशीर्षात जेवायला बोलावलं. पाच तांदूळ जमवले. भावाकडचा नवा चिन्नोर, त्याच बांधीतला पण माझ्या कोठीत दोन वर्षं राहिलेला आईच्या हातचा चिन्नोर, बाजारातून 'चिन्नोर' म्हणून चढ्या भावाने आणलेला, एचएमटी आणि जय श्रीराम. भात लेकीने शिजवला, वाट्यांवर नंबरही तिनेच टाकले. मलाही काही सांगायचं नाही, अशी तंबी दिलेली. वरण नाही, तूप नाही, मीठ नाही. गरम भात, आधी वास, मग घास, मधे एक घोट पाणी. एकेकीच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि दहापैकी गुण द्यायचे. बँकेतली मैत्रीण ओढणी बांधताना म्हणाली, "माय वं! लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही एवढी धडधड नव्हती."

आता निकाल ऐका. नवा चिन्नोर सहापैकी पाच जणींनी वाटी नाकाजवळ नेताच ओळखला. बाजारातल्या 'चिन्नोर'ला एकीनेही सुगंधी म्हटलं नाही, दोघींनी तर त्याला एचएमटी ठरवलं. तो भेसळीचा होता असं मी म्हणत नाही. जुना असेल, आणखी काही असेल. पण नावाचे पैसे मात्र मोजले होते.

शेजारच्या काकूंनी एचएमटीला सर्वात जास्त गुण दिले. "रोज वरणासंग मले हाच लागते, उगाच खोटं कायले बोलू?" म्हणाल्या. मला ते आवडलं. हा एचएमटी काही मोठ्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी 'पटेल ३' या धानातल्या वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षं निवडून तो तयार केला. नाव पडलं घड्याळावरून. तांदूळ घराघरात गेला, पैसा मात्र त्यांच्या घरी फारसा आला नाही. २०१८ साली ते गेले.

आणि मी? दोन नंबरच्या वाटीला मी चार गुण दिले. "हा दुकानातला, जुनाट," असं ठणकावून सांगितलं. ओढणी सुटली तेव्हा लेक गप्प उभी होती. तो आईचा तांदूळ होता.

घास घशातच अडकला. दोन वर्षं मी तो सणावारालाच काढत होते. संपू नये म्हणून मूठमूठ जपत होते. शाळेतल्या बाई विज्ञान शिकवतात. त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "अगं, सुगंधी तांदळाचा वास उडून जाणारा असतो. ज्या द्रव्यामुळे तो येतो, तेच मोहाच्या फुलांतही असतं. ठेवलं की ते कमी कमी होत जातं. भात मोकळा होतो, फुलतो, पण वास जातो. तू आईला नाही विसरलीस, तांदूळ जुना झाला."

खरं होतं ते. आई धानच ठेवायची आणि लागेल तसं भरडून आणायची. मी सगळं एकदम मिलमध्ये काढून कोठी भरली होती. जपता जपता जपायचं तेच घालवलं.

रात्री भावाला फोन केला. सगळं सांगितलं, माझे चार गुणसुद्धा. तो हसला नाही. म्हणाला, "पाच जणींनी खरंच ओळखला?" मग मी मुद्द्यावर आले. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही ते मिळालंय. पण मानांकनाने बांधी पिकत नाही, गिऱ्हाईक लागतं. म्हणून आम्ही सहा जणींनी प्रत्येकी पंचवीस किलो आधीच सांगून ठेवला, बाजारातल्या त्या 'चिन्नोर'च्याच भावाने. भाऊ थोडा थांबला, म्हणाला, "एक बांधी ठेवतो मंग. बियाणं राखून ठेवलंच आहे."

ठेवलंच होतं म्हणजे बघा!

आईच्या कोठीतला उरलेला तांदूळ मी त्या आठवड्यातच संपवला. खीर केली, शेजारीपाजारी वाटली. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं काही जपून ठेवलेलं असेल, तर आजच काढा. आणि एकदा डोळ्यांवर ओढणी बांधून जेवून बघा. आपण चव खातो की नाव खातो, ते कळतं.